नवऱ्यावर प्रेम आहे, पण मी त्याच्या प्रेमात नाही: या वाक्याचं करायचं काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या बाई मुलुंडला राहतात, वय पस्तिशीचं, लग्नाला नऊ वर्षं झाली, सहा वर्षांची मुलगी आहे, सासूबाई सोबत असतात. लग्न बघून ठरवलेलं, पण साखरपुडा आणि लग्न यांच्यामधल्या आठ महिन्यांत दोघं वेड्यासारखे फिरले. नवरा चांगला आहे. घरात मदत करतो, आवाज चढवत नाही, त्याला काही झालं तर आपला जीव थाऱ्यावर राहणार नाही हेही त्यांना ठाऊक आहे. पण त्याची वाट बघणं कधीचंच संपलंय. तो दारातून आत आला तरी मनात काही हलत नाही. मधल्या काळात बीकेसीतल्या (वांद्रे-कुर्ला संकुलातल्या) ऑफिसात एका सहकाऱ्याशी बोलणं वाढलं आणि साखरपुड्यानंतर नवऱ्याबद्दल जे वाटायचं, ते सगळं आता त्याच्याबद्दल वाटतंय. अजून काही घडलेलं नाही. त्या विचारतात, नवऱ्यावरचं प्रेम खरं की नुसती सवय? आणि हे जे दुसरं चाललंय, ते प्रेम आहे का?

मी दादरला गेली बरीच वर्षं वैवाहिक समुपदेशन करते. "प्रेम आहे, पण प्रेमात नाही" हे वाक्य माझ्यासमोर बायकाही बोलतात, पुरुषही बोलतात, आणि बोलताना बहुतेकांची मान खाली असते, जणू गुन्हा कबूल करताहेत. म्हणून आधी एक सांगते: तुमच्या दोन्ही भावना खऱ्या आहेत. एक खरी आहे म्हणून दुसरी खोटी ठरत नाही. घोळ होतो तो दोन्हींना एकाच मापाने मोजायला गेल्यामुळे.

प्रेमात असणं ही एक अवस्था आहे आणि तिची लक्षणं बऱ्यापैकी ठरलेली आहेत. डोकं आपोआप त्या माणसाकडे वळतं. मीटिंगमध्ये, भांडी घासताना, कुर्ल्याच्या पुलावर गर्दी ढकलत नेत असतानासुद्धा. त्याचा मेसेज आला की दिवस बरा जातो. निळ्या खुणा दिसूनही उत्तर आलं नाही की घास उतरत नाही. त्याने सहज म्हटलेलं वाक्य रात्री पुन्हा पुन्हा आठवून त्याचा अर्थ लावला जातो. त्याचे दोष दिसतात, पण बोचत नाहीत. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डॉरोथी टेनॉव्ह यांनी शेकडो माणसांशी बोलून या अवस्थेचा अभ्यास केला, तिला 'लिमरन्स' असं नाव दिलं आणि १९७९ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. त्यांच्या निरीक्षणातली एक गोष्ट मी प्रत्येकाला सांगते: ही अवस्था टिकायला आशा लागते आणि शंकाही लागते. समोरच्यालाही आपण आवडतो असं वाटलं पाहिजे, पण पूर्ण खात्री होता कामा नये. टेनॉव्ह यांच्या अंदाजाने ती साधारण दीड ते तीन वर्षं टिकते.

आता हे तुमच्या घराला लावून बघा. नवऱ्याबद्दल कसली शंका उरली आहे? तो संध्याकाळी घरी येणार आहे. तो कुठे आहे, काय जेवला, पगार कधी होतो, कुठल्या कुशीवर झोपतो, सगळं माहीत आहे. लग्नाचा सगळा खटाटोप ही खात्री मिळावी म्हणूनच तर असतो. ती मिळाली की धडधड कमी होते, आणि माणसं म्हणतात प्रेम आटलं. सहकाऱ्याच्या बाबतीत आशा आणि शंका दोन्ही भरपूर आहेत. तो उद्या बोलेल का, त्याच्या मनात काय आहे, आपण वाहवत चाललोय का. जळायला हवं ते सगळं इंधन तिथे आहे.

शरीरातही काही खरंखुरं घडत असतं. २००५ साली आर्थर अॅरन, हेलन फिशर, ल्युसी ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नुकत्याच प्रेमात पडलेल्या १७ जणांना मेंदूच्या स्कॅनमध्ये ठेवून प्रिय व्यक्तीचा फोटो दाखवला. मेंदूत खोलवर असलेला, डोपामिन हे रसायन तयार करणारा, एखादी गोष्ट हवीच असं वाटायला लावणारा भाग जागा झालेला दिसला. त्याआधी १९९९ मध्ये इटलीतल्या डोनातेल्ला माराझ्झिती यांनी नव्याने प्रेमात पडलेल्या २० जणांचं रक्त तपासलं. सेरोटोनिन या दुसऱ्या रसायनाशी संबंधित एक मोजमाप त्यांच्यात मंत्रचळाच्या, म्हणजे ओसीडीच्या, रुग्णांइतकंच कमी भरलं. त्यातल्या काहींना वर्ष-दीड वर्षाने पुन्हा तपासलं तेव्हा ते सामान्य पातळीवर आलं होतं. हे लहान अभ्यास आहेत, त्यांच्यावर आयुष्याचे निर्णय बांधू नयेत. पण "मला वेड लागलंय का?" असं विचारत रडणाऱ्या माणसाला हे ऐकून धीर येतो, असा माझा अनुभव आहे. एकच चेहरा दिवसभर डोळ्यांसमोर राहणं ही तुमच्या चारित्र्यातली खोट नाही.

मग प्रेम असणं म्हणजे काय? व्याख्या देण्यापेक्षा एक प्रसंग सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

एक जोडपं आलं होतं. बाईंची तक्रार जवळजवळ तुमच्याच शब्दांतली: माणूस चांगला आहे, पण मला काही वाटत नाही, त्यालाही माझ्याबद्दल काही वाटत असेल असं वाटत नाही. नवरा गप्प, हातातली छत्री फिरवत बसलेला. मी दोघांना एकच प्रश्न विचारला, "या आठवड्यात समोरच्याला कसली काळजी लागून राहिली आहे?" बाई म्हणाल्या, "त्याला कसली काळजी? काही असलं तरी सांगतो कुठे." मग नवऱ्याला विचारलं. तो जमिनीकडे बघत म्हणाला, "तिच्या आईच्या मोतीबिंदूची तारीख दोनदा पुढे गेली. मेहुणा रजा काढत नाही, म्हणजे हिलाच काढावी लागणार, आणि हिने ऑफिसात अजून सांगितलेलं नाही. शिवाय डावी टाच परत दुखायला लागली आहे. बोलत नाही, पण सकाळी उठल्यावर पहिली तीन-चार पावलं भिंतीला धरून टाकते."

बाई त्याच्याकडे बघतच राहिल्या. "तू कधी बघितलंस?"

"रोज बघतो."

"मग बोलला का नाहीस?"

त्यावर त्याच्याकडे उत्तर नव्हतं. खूप वेळाने म्हणाला, "त्यात बोलायचं काय?"

त्या दहा मिनिटांत मला जे सांगायचं ते सगळं आहे. त्या माणसाचं बायकोवर प्रेम होतं. तिचं दुखणं, तिची अडचण त्याच्या मनात नोंदवली जात होती, न सांगता, रोज. प्रेमाची मी तरी हीच ओळख मानते: समोरच्याचं बरंवाईट आपल्याला आपलं वाटतं, आणि तसं वाटायला त्या दिवशी मन उचंबळून यावं लागत नाही. भांडणाच्या दुसऱ्या दिवशीही आपण त्याची औषधाची पट्टी संपत आली आहे का ते बघतो. याला कोणी नुसती सवय म्हटलं की मला राग येतो. सवयीने माणूस ठरावीक डब्यात चढतो. दुसऱ्याची टाच दुखते हे सवयीने दिसत नाही.

पण त्या बाईंची तक्रारही तितकीच खरी होती. त्याचं प्रेम तिच्यापर्यंत पोचतच नव्हतं. बघितलं जाणं आणि बघितलं जातंय हे कळणं यात फार फरक आहे, आणि प्रेमात असल्याचं सुख बरंचसं या दुसऱ्या गोष्टीवर जगतं. साखरपुड्यानंतरच्या महिन्यांत तुमचा नवरा नुसता तुमच्याकडे बघत नसणार, बोलूनही दाखवत असणार. केस कापलेत, आज गप्प का, काल म्हणालीस त्या मुलाखतीचं काय झालं. आज हे प्रश्न कोण विचारतं? माझा अंदाज आहे, बीकेसीतला तो सहकारी.

जॉन गॉटमन या अमेरिकन संशोधकाने नवविवाहित जोडप्यांचं साधं बोलणंचालणं टिपलं होतं. एकाने खिडकीबाहेर बघून "ते बघ" म्हटलं तर दुसरा मान वळवतो की मोबाइलमध्येच राहतो, इतक्या बारीक गोष्टी. सहा वर्षांनी जी जोडपी एकत्र होती, ती अशा हाकांना १०० पैकी ८६ वेळा ओ देणारी होती; जी विभक्त झाली, ती ३३ वेळा. आकडे तिकडचे आहेत, पण मुंबईतल्या घरांत मला दिसतं ते याहून वेगळं नाही. रात्री साडेनऊला दोन थकलेली माणसं एका सोफ्यावर, दोन मोबाइल, आणि एकाने म्हटलेलं "अगं, आज काय झालं माहितीये?" हवेत विरून जातं. असं वर्षभर झालं की तो सांगायचं बंद करतो. दोन वर्षांनी तीही.

इथे मला एका गोष्टीला विरोध करायचा आहे. आपल्याकडे वडीलधारी माणसं, आणि काही समुपदेशकही, सांगतात की प्रेमात असणं हा पोरकटपणा, मुरलेलं प्रेम हेच खरं. मूल झालं, आता कसलं घेऊन बसलीस. मला हे पटत नाही. ज्या बाईला वयाच्या पस्तिशीत सांगितलं जातं की तुझा ओढीचा वाटा संपला, तिचं पुढचं आयुष्य आपण फार स्वस्तात निकालात काढतो. आणि ते खरंही नाही. बियांका असेवेडो, आर्थर अॅरन आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अशी १७ माणसं घेतली होती ज्यांच्या लग्नाला सरासरी २१ वर्षं झाली होती आणि जी म्हणत होती की आम्ही अजून जोडीदाराच्या प्रेमात आहोत. जोडीदाराचा फोटो बघताना त्यांच्या मेंदूत तोच डोपामिनचा भाग जागा झाला. नव्या प्रेमातली ओढ होती, त्यातली चलबिचल आणि ध्यास मात्र नव्हता. अशी माणसं निवडून घेतली होती, सगळ्यांचं असं होतं असा दावा कोणी केलेला नाही. पण असं होऊ शकतं एवढं नक्की. तेव्हा पहिल्या दोन वर्षांची धडधड परत येणार नाही हे मान्य करा. ओढ मेली असं इतक्यात मानू नका.

आता जरा अवघड विषय. एलेन बर्शाइड या संशोधिकेने १९९६ मध्ये सहकाऱ्यांबरोबर एक साधा प्रयोग केला. लोकांना याद्या करायला सांगितल्या: तुमचं ज्यांच्यावर प्रेम आहे ती माणसं, तुम्ही ज्यांच्या प्रेमात आहात ती माणसं, आणि ज्यांच्याबद्दल शारीरिक ओढ वाटते ती माणसं. प्रेमाची यादी मोठी निघाली, आई, भाऊ, मैत्रिणी सगळे त्यात. प्रेमात असल्याची यादी अगदी छोटी, आणि तिच्यातली नावं बहुतेक करून शारीरिक ओढीच्या यादीतही होती. म्हणजे कोणी "मी त्याच्या प्रेमात नाही" म्हणतं तेव्हा पुष्कळदा सांगायचं असतं की मला त्याचा स्पर्श नकोसा झालाय, किंवा त्याने मला हात लावून काळ लोटलाय. हे थेट बोलायची आपल्याला सवय नाही. प्रेमाचं नाव पुढे केलं की लाज वाटत नाही.

म्हणून मी तुम्हाला विचारते, आणि उत्तर तुम्ही स्वतःलाच द्यायचं आहे: ओढ गेली आहे, की ओढीला जागाच उरलेली नाही? वन बीएचकेमध्ये हॉलमध्ये सासूबाई, बेडरूममध्ये दोघांच्या मधोमध झोपलेली मुलगी, भिंतीपलीकडे जाणारा प्रत्येक आवाज, पहाटे पाचला गजर, मुलुंड ते कुर्ला लोकलमध्ये उभ्याने आणि पुढे शेअर रिक्षाच्या रांगेत. या शहरातल्या निम्म्या तक्रारी मला मनाच्या कमी आणि चौरस फुटांच्या जास्त वाटतात. वरळी सी फेसवर, बँडस्टँडवर संध्याकाळी पाठमोरी बसलेली जोडपी सगळी कॉलेजातली नसतात. त्यात गळ्यात मंगळसूत्र असलेल्या बायकाही असतात. घरात मिळत नाही तो अर्धा तास तिथे शोधत आलेल्या असतात.

आणखी एक. लग्नाला काही वर्षं झाली की ओढ आधी आणि जवळीक नंतर हा क्रम बऱ्याच बायकांमध्ये बदलतो. कॅनडातल्या डॉक्टर रोझमेरी बॅसन यांनी २००० साली हे नीट मांडलं: दीर्घ नात्यात इच्छा आपोआप उगवेलच असं नाही, जवळ बसणं, बोलणं, निवांत स्पर्श यांतून ती मागाहून जागी होऊ शकते. इच्छा होईल तेव्हा बघू म्हणून थांबलेली जोडपी वर्षानुवर्षं थांबतात. अर्थात, नको असताना स्वतःवर जबरदस्ती करा असा याचा अर्थ कोणी काढू नये. नको म्हणजे नको, लग्नातही.

आणि डॉक्टरांकडे जाऊन या. हे मी प्रत्येकीला सांगते आणि बहुतेकजणी टाळतात. थायरॉइड, रक्तातलं हिमोग्लोबिन, बाळंतपणानंतर वर्षानुवर्षं रेंगाळलेलं नैराश्य, यांपैकी काहीही असलं तरी ओढ आटते. नैराश्यावरच्या काही गोळ्यांनीही ती कमी होते. पण तेवढ्यासाठी गोळ्या स्वतःहून बंद करायच्या नसतात, डॉक्टरांशी बोलून बदलता येतात. नैराश्यात माणसाला नवऱ्याबद्दल काही वाटत नाही, तसंच आवडत्या गाण्याबद्दल, पुरणपोळीबद्दल, मैत्रिणींबद्दलही काही वाटत नाही. तुमच्या बाबतीत सहकाऱ्याबद्दल बरंच काही वाटतंय, त्यामुळे नैराश्याची शक्यता कमी वाटते, पण तपासणी करून घ्यायला हरकत नाही.

आता त्या सहकाऱ्याबद्दल. हे प्रेम आहे का? तुम्ही त्याच्या प्रेमात आहात, हे तुमच्या वर्णनावरून दिसतं. तुमचं त्याच्यावर प्रेम आहे का, हे तुम्हालाही अजून कळू शकत नाही, कारण त्याला जपण्याची वेळच आलेली नाही. त्याची आई आजारी पडल्यावर तो कसा वागतो, पैशांची चणचण असताना कसा बोलतो, तुम्ही चिडलेल्या, पारोशा, तापाने फणफणलेल्या असताना तो जवळ बसतो का, यांतलं काही तुम्ही पाहिलेलं नाही. त्यानेही तुम्हाला इस्त्रीच्या कपड्यांत, एसीमध्ये, कॉफीच्या कपासमोर पाहिलंय. त्याच्यासमोरची तुम्ही खोटी नाही. उलट त्या हसऱ्या, बोलक्या बाईची तुम्हाला स्वतःलाच आठवण येत होती, असं मला वाटतं. माणसं पुष्कळदा दुसऱ्याच्या जितकी प्रेमात पडतात तितकीच त्याच्यासमोर होणाऱ्या स्वतःच्या. तुमच्या सहकाऱ्याशी तुम्ही काय बोलता त्याची मनातल्या मनात उजळणी करा. त्यातलं नवऱ्याशी शेवटचं कधी बोललात? ऑफिसातली कटकट, कुठलं तरी स्वप्न, एखादी भीती. ते सगळं त्या कॉफीच्या टेबलावर संपत असेल तर घरी न्यायला उरतं फक्त किराणा आणि शाळेची फी.

यात मी तुम्हाला एक गोष्ट ठामपणे सांगेन: नवऱ्याबद्दलची तक्रार त्या माणसापाशी करू नका. लग्नाबाहेरचं नातं बहुतेक वेळा स्पर्शाने सुरू होत नाही, "घरी मला कोणी समजून घेत नाही" या वाक्याने सुरू होतं. काम एकत्र असेल तर करा, कामापुरतं बोला, दोघांनीच कॉफीला जाणं आणि रात्रीचे मेसेज बंद करा, आणि हे काही आठवडे नाही, काही महिने पाळा. शंका आणि आशा दोन्ही कमी झाल्या की ध्यासही कमी होतो. सुरुवातीला जीव कासावीस होईल. होऊ दे.

इथे कोणी विचारेल, लग्न ठरवून झालं म्हणून तर असं झालं नसेल? दोन्ही बाजूंच्या घोषणा मी ऐकत आले आहे. एक बाजू म्हणते ठरवून केलेल्या लग्नात प्रेम नंतर वाढतं, दुसरी म्हणते ते प्रेमच नसतं. पहिल्या बाजूचे लोक जयपूरच्या उषा गुप्ता आणि पुष्पा सिंग यांच्या १९८२ च्या अभ्यासाचा दाखला देतात. त्यात ५० जोडपी होती. प्रेमविवाहवाल्यांचं प्रेम काही वर्षांनी उतरलेलं आणि ठरवून लग्न केलेल्यांचं चढलेलं दिसलं. पण २०१२ मध्ये अमेरिकेतल्या भारतीय वंशाच्या विवाहितांवर झालेल्या अभ्यासात दोन्ही प्रकारांत तसा फरक आढळला नाही. माझ्या टेबलासमोर दोन्ही प्रकारची जोडपी सारखीच येतात, आणि तुमचे ते आठ महिने बघता हा प्रश्न तुम्हाला लागूच होत नाही.

काही वेळा मात्र हेच वाक्य नातं खरोखर संपल्याची खूण असतं, आणि तिथे मी कोणालाही "अजून प्रयत्न करा" म्हणत नाही. जिथे भीती आहे, मारहाण आहे, पैसे अडवले जातात, तिथे ओढ का गेली हा प्रश्नच चुकीचा आहे. तिथे २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा आणि सुरक्षित जागा यांबद्दल बोलायला हवं. जिथे तिरस्कार मुरलाय, जोडीदाराचं जेवतानाचं तोंडही बघवत नाही, तिथेही बोलणं वेगळं. आणि अशीही जोडपी येतात ज्यांच्यातल्या एकाची ओढ मुळात समलिंगी असते, घरच्यांच्या दबावाखाली लग्न झालेलं असतं. तो माणूस बायकोला जीव लावतो, मुलांसाठी राबतो, पण तिच्या प्रेमात कधीच नव्हता आणि असू शकणार नव्हता. तिथे बायको वर्षानुवर्षं आरशासमोर उभी राहून स्वतःत खोट शोधत असते. तिला खरं कळणं हा तिचा हक्क आहे. तुमच्या पत्रात यांतलं काही मला दिसलं नाही.

तरीही पुढे वेगळं व्हावंसं वाटलं, तर दोघांच्या संमतीने घटस्फोटाची वाट आहे. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब नुसार त्याआधी वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं, मग अर्ज, मग सहा महिन्यांचा थांबा. हा थांबा योग्य प्रकरणात माफ करता येतो असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये म्हटलं आहे. कुटुंब न्यायालयातही विवाह समुपदेशक असतात. मी एवढंच म्हणेन की डोक्यात दुसरा चेहरा ताजा असताना हा निर्णय घेऊ नका. नऊ वर्षांच्या संसाराला काही महिन्यांच्या ध्यासाशेजारी उभं केलं तर संसार दरवेळी हरणार.

मग करायचं काय? नवऱ्याला जाऊन "मी तुझ्या प्रेमात नाही" असं सांगू नका. या वाक्यावर समोरच्याला करता येण्यासारखं काहीच नसतं, तो फक्त घायाळ होतो. काय हवंय ते सांगा, आणि बारीक सांगा. "तू घरी आलास की आधी दहा मिनिटं माझ्याशी बोल, मोबाइल चार्जिंगला लाव." "मुलीला रविवारी दुपारी आजीकडे ठेवू, आपण दोघंच बाहेर जाऊ." "मला खूप दिवसांत तू जवळ घेतलं नाहीस, मला आठवण येते." तिसरं वाक्य बोलायला सगळ्यात अवघड आहे आणि त्याचाच सगळ्यात जास्त उपयोग होतो.

बाहेर जाताना नेहमीच्या हॉटेलात जाऊन नेहमीची डिश मागवू नका. अॅरन यांच्याच २००० सालच्या प्रयोगांमध्ये दिसलं होतं की जोडप्याने मिळून काहीतरी नवं, थोडं दमवणारं केलं तर एकमेकांबद्दलची गोडी वाढते. साधं, रोजचं काही केलं तर तितकी वाढत नाही. यासाठी लोणावळ्याचं रिसॉर्ट लागत नाही. बोरिवलीला उतरून कान्हेरीच्या पायऱ्या चढा. पावसाळ्यात येऊरला जा. शिवाजी मंदिरला नाटक बघा आणि परतीच्या लोकलमध्ये त्यावरून भांडा. मुद्दा एवढाच की तुम्ही त्याला घराबाहेर, अनोळखी जागी, त्याच्या नेहमीच्या भूमिकेपेक्षा वेगळं बघायला हवं. एक बाई नवऱ्याला पहिल्यांदा ऑफिसच्या कार्यक्रमात भाषण करताना बघून आल्या आणि मला म्हणाल्या, "हा माणूस घरी का येत नाही?" त्यांनी हे त्याला सांगितलं. तो खूप लाजला, आणि त्या रात्री ते दोघं मुलं झोपल्यावर गॅलरीत बोलत बसले.

मुलीला तिच्या स्वतःच्या गादीवर झोपायची सवय लावा. सहा वर्षांची मुलगी आजीजवळ हॉलमध्ये झोपू शकते, आणि पुष्कळ आज्या ती वेळ मनापासून मागत असतात. सुनेने विचारायचा अवकाश असतो.

हे तीन-चार महिने मनापासून केलंत आणि तरीही काही हललं नाही, तर दोघांनी मिळून समुपदेशकाकडे जा. नवरा तयार नसेल तर तुम्ही एकट्या जा, एकटीच्या येण्यानेही बरंच काही सुरू होतं. आणि पहिल्याच भेटीत सहकाऱ्याचा विषय समुपदेशकापासून लपवू नका. नवऱ्यासमोर बोलायचं नसेल तर आधी स्वतंत्र वेळ मागून घ्या, आणि सांगितलेलं नवऱ्याला कळवणार का, हे तिथेच विचारून घ्या. चांगला समुपदेशक त्याचं स्पष्ट उत्तर देतो.